ग्रिसेल्दाचा राखणदार

आमच्या सान रुफिनोत त्या वर्षी जॅग्वारांचा सुळसुळाट झाला होता. खरा जॅग्वार आमच्या खोऱ्यात कुणाच्या बापानेही पाहिलेला नाही. इथे द्राक्षांचे मळे, मनुक्यांच्या शेड आणि भटकी कुत्री, बस्स. पण हायस्कुलात प्रोफेसर बरागानांची कादंबरी लागली आणि बघता बघता घरोघरी एकेक राखणदार प्राणी निघाला. टायरवाल्या मेल्चोरच्या पोराच्या पाठीशी म्हणे जॅग्वार होता. बेकरीवालीच्या दोन्ही मुलींच्या पाठीशी जॅग्वार, त्यातला एक काळा. मी ज्या शेडमध्ये मनुका निवडते तिथली मुकादमीण मांजर दिसलं तरी खुर्चीवर चढते. तीही सांगायला लागली की तिच्या आजीच्या स्वप्नात रोज वाघासारखं काहीतरी येऊन बसायचं.

ती कादंबरी मला माहीत आहे. माझी मुलगी ग्रिसेल्दा, आमची ग्रिस, स्वयंपाकघरात मोठ्याने वाचायची आणि मी भांडी घासायचे. एक मुलगा असतो. त्याची एक आजी असते, तिला सगळ्या झाडपाल्याची माहिती असते, ती कधी दमत नाही आणि कालचा राजमा कुणी संपवला म्हणून कधी विचारत नाही. अशी सासू मला मिळाली असती तर मी तिचे पाय चेपले असते. मुलगा संकटात सापडला की टेकडीवर जॅग्वार येऊन उभा राहतो. शेवटच्या प्रकरणात जॅग्वार मरतो आणि मुलगा शहाणा होतो. पोराला अक्कल यायला जनावराने का मरायचं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आमच्या घरात मात्र राखणदार आधीपासूनच होता. तोच तर सगळा घोळ होता, कारण आमचा राखणदार टर्की होता.

माझ्या सासूबाई, दोन्या तेओफिला (दोन्या म्हणजे बाई, मानाने म्हणायचं), सीमेपलीकडे आमच्या मूळ देशातल्या पुएब्लाच्या डोंगराळ भागातल्या. त्यांच्याकडे मूल जन्मलं की दारापुढे राख पसरतात आणि पहाटे बघतात. राखेत ज्या जनावराचं पाऊल पहिलं उमटलं, ते त्या मुलाचं जनावर. जन्माची गाठ. त्याला ताप आला की मुलाला ताप, त्याचा पाय मोडला की मूल लंगडतं, आणि ते मेलं तर काय होतं हे सासूबाई आवाज खाली घेऊन सांगतात. ग्रिस जन्मली काउंटीच्या दवाखान्यात. तिथल्या नर्सने राख सोडा, आम्हाला संत्र्याची सालसुद्धा खाली टाकू दिली नसती. म्हणून बाळाला घरी आणलं त्या रात्री सासूबाईंनी आमच्या ट्रेलरच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, पायरीपुढे राख पसरली. चूल नव्हतीच. रविवारी माझा नवरा एवारिस्तो ज्या शेगडीवर मांस भाजतो, तिच्यातला कोळसा चाळून घेतला. सकाळी सगळ्यांच्या आधी त्या उठल्या, बाहेर गेल्या, लगेच झाडू मारला आणि आत येऊन म्हणाल्या, "टर्की."

एवारिस्तोचा चेहरा पडला. "तीन बोटं होती ना? मग गरुड असेल, आई."

"गरुड तुझ्या ट्रेलरपुढे काय करायला येईल? भाडं मागायला?"

एवारिस्तोने हार मानली नाही. त्याने आपल्या ट्रकच्या दारावर भला मोठा गरुड रंगवून घेतला आणि जो विचारील त्याला, "मुलीचा आहे," असं सांगायला लागला. रंगवणारा त्याचा मावसभाऊ होता, फुकटात रंगवला, त्यामुळे गरुड मानेपासून थोडा टर्कीवरच गेला.

खरा टर्की शेजारच्या म्हाताऱ्या फिदेलचा. तो त्याच दिवशी आमच्या अंगणात राहायला आला. एवारिस्तोने त्याचं नाव ठेवलं पोर्फिरियो. आमच्या मूळ देशात त्या नावाचा एक हुकूमशहा होऊन गेला. छाती फुगवून बसायचा आणि खुर्ची काही सोडायचा नाही. पहिला पोर्फिरियो म्हातारा होऊन मेला तेव्हा ग्रिसला गोवर निघाला होता. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू दोघांच्या पेजेत मीच विष कालवलं. पण ग्रिस बरी झाली. मग सासूबाईंनी शास्त्र काढलं की मुलगा गादीवर बसला तर गाठ तुटत नाही. आत्ताचा पोर्फिरियो गादीवरचा तिसरा. त्याला मका आमच्या आधी मिळायचा. ग्रिसची परीक्षा असली की त्याला उकडलेलं अंडं. थंडीत त्याच्या खुराड्यावर माझी चांगली गोधडी. आणि हा राखणदार करायचा काय, तर रोज सकाळी ग्रिस शाळेच्या बसकडे निघाली की मागून धावत जाऊन तिच्या पोटऱ्यांना चोच मारायचा.

"दोन्या तेओ, हा रक्षण करतोय की खातोय तिला?" मी विचारायचे.

"शिस्त लावतोय," सासूबाई म्हणायच्या. "तू लावत नाहीस म्हणून."

तर शाळेत स्पर्धा निघाली. लहानपणाची गोष्ट लिहायची, परीक्षक स्वतः प्रोफेसर बरागान. पहिला येईल त्याला उन्हाळाभर समुद्रकाठच्या विद्यापीठात राहायला मिळणार होतं, राहायची खोली, पुस्तकं, शिकवणारे, सगळं. ग्रिस पंधरा वर्षांची. येत्या उन्हाळ्यापासून शेडमध्ये माझ्या शेजारी मनुका निवडायच्या सरकत्या पट्ट्यावर उभी राहणार, हे न बोलता ठरलेलं होतं, कारण आमच्याकडे सगळ्यांच्या मुली तशाच उभ्या राहतात. मी उभी आहे. माझे हात घरी आल्यावर ग्लास नीट धरत नाहीत. माझ्या मुलीने त्या पट्ट्यावर उभं राहू नये, याच्याइतकी कुठलीच गोष्ट मला कधी हवीशी वाटली नव्हती. मी ग्वादालुपेच्या माउलीपुढे मेणबत्ती लावली आणि तिला स्पष्ट सांगितलं की बाकीचं सगळं राहू दे, एवढं कर.

ग्रिसने टर्कीची गोष्ट लिहिली. जशी होती तशी. ट्रकवरच्या गरुडासकट. आम्हाला वाचून दाखवली तेव्हा एवारिस्तो हसता हसता खुर्चीवरून घसरला. एका ठिकाणी आजी कडाक्याच्या थंडीत आपली शाल टर्कीला गुंडाळते आणि स्वतः रात्रभर खोकते, असं होतं. तिथे मी नळ सोडला आणि घासलेलंच भांडं पुन्हा घासलं. सासूबाई म्हणाल्या, "मी एवढी खोकले नव्हते." पण दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं.

मग प्रोफेसर साहेब शाळेत येऊन मुलांशी बोलून गेले. त्या दिवशी ग्रिस जेवायला बसली आणि तोर्तियाचे, म्हणजे मक्याच्या भाकरीचे, नुसते तुकडे करत राहिली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, हात चांगला आहे. शेवटच्या दोघांत मी आहे. मी आणि मेल्चोरचा मुलगा."

"मग तोंड का असं?"

"म्हणाले, टर्की नको. टर्की वाचून लोक हसतील."

"हसायलाच आहे तो," एवारिस्तो म्हणाला.

"म्हणाले, टर्की हा गोऱ्यांच्या नोव्हेंबरातल्या सणाच्या जेवणाचा पक्षी आहे. आपल्या लोकांचा नाही. आपल्या लोकांचं म्हणजे गरुड, जॅग्वार, फार तर साप."

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "टर्की आपला नाही? मग गोऱ्यांनी तो काय बोटीतून आणला? माझ्या पणजीच्या पणजीच्या अंगणात टर्की होता. तेव्हा यांचा हा प्रोफेसर कुठे होता?"

"आणि म्हणाले, शेवटी मरायला पाहिजे."

"कोण, प्रोफेसर?"

"प्राणी, आजी. प्राणी मरतो तेव्हा बालपण संपतं. तसंच असतं म्हणाले. सगळ्या पुस्तकांत."

मग एवारिस्तोने घसा साफ केला. हा माणूस घसा साफ करतो तेव्हा मला धडकी भरते.

"म्हातारे," तो म्हणाला. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून तो मला म्हातारे म्हणतो, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. "मी आज शाळेवरून जात होतो. प्रोफेसर साहेब गाडीत बसत होते. मी त्यांना रविवारी जेवायला बोलावलंय. समोरासमोर बसलं, चार घास पोटात गेले, की माणूस मवाळ होतो."

"आणि घालणार काय त्यांना?"

"म्हणजे काय? मोले."

आता आमच्यात मोले म्हणजे साधीसुधी भाजी नव्हे. मिरच्या भाजायच्या, तीळ, शेंगदाणे, मनुका, करपवलेली तोर्तिया, दालचिनी, कडू चॉकलेट, सगळं वाटायचं आणि दिवसभर ढवळत बसायचं. आणि त्यात पाहुणा मोठा असेल तर टर्कीच पडतो, तोही घरी पोसलेला. मोठ्या माणसापुढे मोल्यात कोंबडी वाढणं म्हणजे त्याला तोंडावर सांगणं की बाबा, तू आमच्या लेखी कोंबडीइतकाच.

"अपा," ग्रिसने हळूच विचारलं, "कुठला टर्की?"

"आपल्याकडे काय कळप आहे?"

सासूबाई उठल्या आणि ताट न उचलता आपल्या खोलीत गेल्या. ग्रिस माझ्या मागोमाग मोरीपाशी आली. "अमा, मी ते राखेचं वगैरे काही मानत नाही."

"बरं."

"मला तो आवडतही नाही. बघ माझ्या पोटऱ्या."

"बघितल्या."

"पण समजा मारला, आणि मी खरंच मेले तर? म्हणजे मी मरणार नाही. पण समजा."

मी तिला जवळ घेतलं. मी स्वतः काहीच मानत नव्हते. टर्की मारून पोर समुद्राकाठी जाणार असेल तर मी सान रुफिनोतले सगळे टर्की मारले असते, वर प्रोफेसर साहेबांचा जॅग्वारही सोलून दिला असता. मी ठरवलं की हे काम मीच करायचं. एवारिस्तोला रक्त दिसलं की घेरी येते, मग छाती कितीही फुगवो.

शनिवारी सकाळी मी मोठ्या पातेल्यात पाणी चढवलं, सुरी धार लावून घेतली आणि खुराड्याकडे गेले. सासूबाई तिथे उलट्या बादलीवर बसलेल्या. पोर्फिरियो त्यांच्या पायाशी मका टिपत होता.

"दोन्या तेओ, बाजूला व्हा. भांडायला मला वेळ नाही."

"मी कुठे भांडतेय? मार."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "मारू?"

"मार. त्याचा काही संबंध नाही."

"कशाचा संबंध नाही?"

त्यांनी मक्याचे चार दाणे पोर्फिरियोपुढे टाकले. "राखेत टर्कीचं पाऊल नव्हतं."

"मग गरुड होता?" माझ्या तोंडून निघून गेलं. एवारिस्तोबरोबर इतकी वर्षं काढल्याचा परिणाम.

"कसला गरुड? तुझं पाऊल होतं. तुझ्या चपलेचं. डाव्या चपलेची टाच फाटलेली होती, तेवढी पण उमटली होती. पायरीपासून नळापर्यंत. बाळंतीण बाई, घरी येऊन रात्र झाली नाही, आणि पहाटे उठून बाळाची लंगोटं धुवायला बाहेर. मी सांगितलं होतं चाळीस दिवस पाण्यात हात घालायचा नाही."

"लंगोटं दुसरं कोण धुणार होतं?"

"ते आता विचारू नकोस." त्यांनी शाल सारखी केली. "मी उठले तेव्हा तू परत येऊन झोपली होतीस. मी पाहिलं ते पाहिलं. पण लोकांना काय सांगू? नातीची राखणदार माझी सून? आधीच तू माझं ऐकत नव्हतीस. त्यात हे कळलं असतं तर तू माझ्या डोक्यावर बसली असतीस. फिदेलचा टर्की समोर फिरत होता. म्हटलं, टर्की."

मी सुरी हातात धरून उभी. पंधरा वर्षं. पंधरा वर्षं माझ्या आधी मका, माझी गोधडी, परीक्षेची अंडी, आणि गोवराच्या वेळचं ते बघणं. मला इतका राग आला की डोळ्यांपुढे काही दिसेना, आणि त्याच वेळी हसू फुटत होतं, आणि रडूही येत होतं. शेवटी मी एवढंच म्हणाले, "एक बाई खोटं बोलते आणि तीन पिढ्या टर्की नोकरी करतात."

"नोकरी चांगली केली त्यांनी," सासूबाई म्हणाल्या.

आता मारायला काही आडकाठी नव्हती. पण मी पोर्फिरियोकडे पाहिलं आणि माझा हातच उचलेना. बिचारा माझ्या जागेवर बदली म्हणून लागला होता. त्याचा बाप, त्याचा आजा, सगळे बदलीवर. अशा माणसाला काढून टाकतानासुद्धा जीवे मारत नाहीत.

मी पाण्याखालचा गॅस बंद केला आणि सुपरमार्केटात गेले. एप्रिल महिना. फ्रीजरच्या तळाशी नोव्हेंबरातला उरलेला एक टर्की दगडासारखा पडला होता. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला, आणि त्याच्या छातीत ते लाल बटण रुतवलेलं. टर्की शिजला की बटण आपोआप वर येतं, गोऱ्या बायकांना शिजल्याचं कळावं म्हणून. घरी आल्यावर एवारिस्तोने ते पाहून डोक्याला हात लावला. मग म्हणाला, "हरकत नाही. पण साहेबांपुढे कोणी तोंड उघडायचं नाही. घरचाच आहे." पोर्फिरियोला फिदेलच्या शेडमध्ये कोंडलं.

रविवारी दुपारी प्रोफेसर साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगते. बोलायला मऊ, कमरेच्या पट्ट्यावर चांदीचा जॅग्वार, आत येताच त्यांनी सासूबाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि डोळे भरून त्यांच्याकडे बघितलं. "आई, तुमच्या हातांत आपल्या लोकांचं सगळं ज्ञान आहे."

"माझ्या हातांत संधिवात आहे," सासूबाई म्हणाल्या. "बसा."

मी वाढलं. तांबडा भात, तोर्तिया, आणि टर्कीच्या मोठ्या फोडीवर काळंभोर मोले, वरून तीळ. त्यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "हा टर्की," ते म्हणाले, "बाजारातला नाही."

"छे, मायेस्त्रो," एवारिस्तो म्हणाला. मोठ्या मास्तरांना आमच्यात असंच म्हणतात. "घरचा. ग्रिसच्या गोष्टीतलाच. तुमच्यासाठी मारला."

प्रोफेसर साहेबांनी छातीवर हात ठेवला. क्षणभर मला वाटलं, आता हे उठतील. त्यांनी दुसऱ्या हाताने ती फोडच उचलली. "बाजारातला टर्की म्हणजे पुठ्ठा. याला अंगणाची चव आहे. माझ्या आजीकडे अशीच चव असायची. शहरातल्या माणसाला हे कळणार नाही."

मी सासूबाईंकडे पाहिलं नाही, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. इतक्यात प्रोफेसर साहेब चावता चावता थांबले. दोन बोटं तोंडात घालून त्यांनी काहीतरी बाहेर काढलं आणि ताटाच्या कडेला ठेवलं. लाल बटण. कापण्याच्या घाईत मी ते काढायचीच विसरले होते.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

एवारिस्तोने घाईघाईने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "निघालं का? तुम्हालाच मिळायचं होतं. तीन राजांच्या सणाच्या पावात बाहुली घालतात ना, तसं आमच्या डोंगरात मोल्यात घालतात. ज्याला मिळतं त्याचं वर्ष चांगलं जातं."

प्रोफेसर साहेबांचा चेहरा उजळला. "मी हे कुठे वाचलेलं नाही."

"लिहून कोण ठेवणार? आम्ही आपल्या अडाणी."

त्यांनी ते बटण चाटूनपुसून शर्टाच्या खिशात ठेवलं. ग्रिसने रुमाल तोंडावर धरला. तिचे खांदे हलत होते.

"आता, मुली," प्रोफेसर साहेब तिच्याकडे वळले, "तुला शेवट मिळाला. कळतंय ना? आज या टेबलावर तुझं बालपण संपलं. तुझ्यासाठी त्याने जीव दिला. तू फक्त पक्षी बदल. गरुड कर. टेकडीवर पडलेला गरुड, वर आकाश, खाली तू. मी परीक्षक म्हणून सांगतो, मग त्या बक्षिसापासून तुला कोणी अडवू शकणार नाही."

नेमका त्याच वेळी फिदेलच्या शेडमधून पोर्फिरियो ओरडला. असा ओरडला की खिडकीची काच थरथरली.

"हा कोण?"

"त्याचा भाऊ," एवारिस्तो म्हणाला. "दुःखात आहे."

प्रोफेसर साहेबांनी मान खाली घातली. आणि ग्रिसने रुमाल खाली ठेवला. ती आता हसत नव्हती. "मायेस्त्रो, तो भाऊ नाही. तोच आहे. तुम्ही खाल्ला तो सुपरमार्केटातला."

एवारिस्तोने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला, जसं काही मीच बोलले होते.

"आणि गरुड मी कधी जवळून पाहिलेला नाही," ग्रिस पुढे म्हणाली. "टर्की पाहिलाय. तो मेला नाही आणि मी काही शहाणी झाले नाही. तो रोज चावतो. मी ते बदलणार नाही."

माझी मुलगी.

प्रोफेसर साहेब लाल झाले होते, पण हसले. मोठेपणाने हसले. "खरंखोटं महत्त्वाचं नसतं, मुली. मीसुद्धा जॅग्वार कुठे पाहिलाय? लोकांना आपल्याकडून काय हवंय ते महत्त्वाचं. टर्की कोणी छापणार नाही. एक पक्षी तर बदलायचा आहे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सेन्योरा, तुम्ही आई आहात. तुम्ही सांगा तिला. तुमचं ती ऐकेल." आणि बोलता बोलता त्यांनी आपलं रिकामं ताट माझ्यापुढे धरलं, आणखी वाढा म्हणून.

सगळे माझ्याकडे बघत होते. एवारिस्तो डोळ्यांनी विनवत होता. ग्रिस माझ्याकडे बघत होती, आणि मी काय सांगणार हे तिला खरंच माहीत नव्हतं. मला तरी कुठे माहीत होतं? 'ऐक त्यांचं, पोरी.' एवढंच म्हणायचं होतं. एवढं म्हटलं असतं तर तिने ऐकलं असतं. तिने गरुड केला असता, टेकडीवर मारला असता, आणि उन्हाळाभर ती समुद्राकाठी पुस्तकं वाचत बसली असती. शब्द माझ्या जिभेवर आले होते. मला ते बक्षीस तिच्यापेक्षा जास्त हवं होतं, आजही सांगते.

मी त्यांच्या हातातलं ताट घेतलं आणि मोरीत ठेवलं.

"मोले संपलं, मायेस्त्रो," मी म्हणाले.

पातेलं टेबलाच्या मधोमध होतं, काठापर्यंत भरलेलं. आमच्यात पाहुणा नको नको म्हणाला तरी तीनदा वाढतात. शत्रू आला तरी त्याचं ताट रिकामं राहू देत नाहीत. प्रोफेसर साहेबांनी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एवारिस्तोने डोळे मिटून घेतले. आणि माझ्या सासूबाई, ज्यांनी माझ्या लग्नापासून कुठल्याच गोष्टीत माझी बाजू घेतली नव्हती, टेबलाला धरून उठल्या, कपाटातून झाकण काढलं आणि पातेल्यावर ठेवलं.

"हो," त्या म्हणाल्या. "संपलं."

पुढचं सांगून टाकते. बक्षीस मेल्चोरच्या पोराला मिळालं. त्याचा जॅग्वार शेवटच्या प्रकरणात फार छान मेला म्हणे. तो उन्हाळाभर समुद्राकाठी राहून आला आणि ग्रिस माझ्या शेजारी पट्ट्यावर उभी राहिली. मनुक्यांतल्या काड्या तिला वेळेवर दिसायच्या नाहीत आणि मुकादमीण तिच्यावर खेकसायची. मला ते बघवायचं नाही.

पण त्या रविवारी, प्रोफेसर साहेब हात जोडून, आभार मानून निघून गेल्यावर, एवारिस्तो बाहेर जाऊन ट्रकमध्ये एकटाच बसला आणि सासूबाई पोर्फिरियोला आणायला गेल्या. ग्रिस माझ्याजवळ उभी राहून भांडी पुसत होती.

"अमा, मला जायचं होतं."

"माहीत आहे."

"नाही, खरंच खूप जायचं होतं. मी त्यांना नाही म्हणाले, पण तरी मला वाटत होतं, कदाचित ते म्हणतील, बरं, टर्की तर टर्की. तू ताट काढून घेतलंस आणि ते पण गेलं."

तिने फडकं खांद्यावर टाकलं, टेबलापाशी गेली आणि पातेल्याचं झाकण उचलून आत पाहिलं.

"पूर्ण भरलेलं आहे," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या माणसाला तू तोंडावर खोटं सांगितलंस."

"हो."

तिने झाकण बाजूला ठेवलं. मग तिने खुर्ची ओढली, बसली, आणि आपलं ताट माझ्यापुढे सरकवलं. मी वाढलं. तिने सगळं खाल्लं आणि पुन्हा मागितलं.